दुसऱ्या दिवशीचे पत्र

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. होणाऱ्या नवऱ्याने दिवसभर फोन उचलला नाही म्हणून रात्री दोन्ही घरी 'लग्न मोडले' असे कळवून टाकले, तो प्रवासात होता हे सकाळी समजले, आणि आता 'हा माझा बीपीडी की माझा स्वभावच वाईट?' असे तुम्ही विचारता. मी डॉक्टर नाही, बीपीडीवर, म्हणजे भावना आणि नाती सांभाळणे अवघड करणाऱ्या बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारावर, सात वर्षे उपचार घेणारा रुग्ण आहे. माझे म्हणणे तेवढ्याच वजनाने घ्यावे.

माझ्या बाबतीत लग्नाच्या जागी हिंजवडीतली नोकरी होती. संध्याकाळी वरिष्ठांचा एका ओळीचा संदेश आला, 'उद्या बोलायचे आहे.' वाकडच्या पुलाजवळ अडकलेल्या बसमध्ये त्या तीन शब्दांतून मी माझी हकालपट्टी वाचून काढली आणि कोथरूडला घरी पोचल्यावर रात्री पावणेबाराला राजीनामा पाठवला. पाठवताच जी शांतता वाटली ती अजून आठवते. त्या शांततेपासून सावध राहा, कारण मनाला तिची चटक लागते आणि पुढच्या वेळी ते तीच वाट धरते. वरिष्ठांना फक्त शिफ्टच्या वेळा बदलायच्या होत्या.

पण मला महाग पडला तो राजीनामा नव्हे. मार्शा लिनेहान यांनी, ज्यांनी डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) ही मानसोपचाराची पद्धती घडवली आणि स्वतःच्या तरुणपणीच्या आजाराविषयी 2011 मध्ये जाहीरपणे सांगितले, आपल्यासारख्यांच्या भावनेचे तीन विशेष मांडले आहेत: ती लहानशा कारणाने पेटते, फार वर चढते आणि सावकाश उतरते. यातला तिसरा मी वाचला होता, पण स्वतःला लावून पाहिला नव्हता. तीन तास झोप झाली म्हणजे डोके ताळ्यावर आले, असे समजून सकाळी अकराला मी राजीनामा मागे घ्यायला कंपनीच्या कर्मचारी विभागात गेलो. तिथल्या गृहस्थांनी चार लोकांसमोर 'गोळ्या वगैरे घेता का?' असे विचारले आणि संगणकात नोंद झाली की बदल होत नाही, असे सांगून पुढच्या माणसाला बोलावले. (ज्यांच्या दारात माणूस आयुष्यातल्या सर्वांत वाईट सकाळी येतो, त्यांना हळू आवाजात बोलायला कोणी का शिकवत नाही, हे मला आजही कळलेले नाही.) मी तिथून उठून कँटीनमध्ये बसलो आणि सगळ्यांवर आरोप करणारे दुसरे पत्र थेट संचालकांना पाठवले. पहिले पत्र फाडून टाकायला तयार असलेल्या माझ्या वरिष्ठांचे हात त्या दुसऱ्या पत्राने बांधले गेले.

पुढे थेरपिस्टने तो दिवस उलट्या क्रमाने लिहून काढायला लावला. डीबीटीत याला साखळीचे विश्लेषण म्हणतात. आदल्या रात्रीचे जागरण, चुकवलेले जेवण, दुपारी दोनला आईशी झालेली खडाजंगी, मग बस, मग तो संदेश. आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग ताणाखाली कोणाचाही दुबळा पडतो. माझा तर दुपारपासूनच थकलेला होता. म्हणून पावणेबाराच्या क्षणाशी झुंजण्यापेक्षा दोन वाजता जेवणे मला अधिक उपयोगी पडते, हे ऐकायला कितीही बाळबोध वाटो.

'रागात निर्णय घेऊ नकोस' हा सल्ला माझ्या मते निरुपयोगी आहे. त्या वेळी आपण रागावलो आहोत असे वाटतच नाही, अखेर सत्य कळले असे वाटते. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे मी घरच्यांकडून भरपूर ऐकले आणि त्याने एकही पत्र थांबले नाही. अडसर आधीच बसवून ठेवावा लागतो. माझी महत्त्वाची पत्रे दोन रात्री मसुद्यातच राहतात आणि मग बहीण ती वाचते. पूर्वी मी अशा वेळी महामार्गावर बेफाम गाडी हाकायचो, म्हणून स्कूटरची किल्ली रात्री शेजारच्या काकूंकडे असते. श्वास रोखून चेहरा गार पाण्यात बुडवला की हृदयाचे ठोके मंदावतात, पण हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये. आणि त्यातून मिळतात ती मोजकी मिनिटेच, तेवढ्यात फोन दुसऱ्याच्या हाती द्यावा.

आजार की स्वभाव, हा प्रश्न या आठवड्यात सोडवायला बसू नका. त्यातून फक्त शरम वाढते आणि शरमेपोटी माणूस पुन्हा काहीतरी लिहितो. आज रात्री दोन्ही घरांना लांबलचक माफीनामा पाठवावा असे तुम्हाला वाटत असेल, तर ते तुमचे दुसरे पत्र आहे, असे मी समजेन. 'मी घाईने लिहिले, दोन दिवसांनी बोलते' एवढी ओळ पुरे, आणि तीही घरातल्या कोणाला तरी दाखवून. तिसऱ्या दिवशी त्याला समोरासमोर भेटा, पोटभर जेवून. मधल्या काळात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार आले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तिथे मराठीत बोलता येते.