जपानमध्ये पारंपरिक मिठाई आणि साखरेची खेळणी स्वतः बनवून पाहायची आहेत. जूनमध्ये जातोय, शाकाहारी आहे. कुठे जावं आणि काय शिकावं?

शाकाहाराची काळजी बरीचशी सोडा. जपानी पारंपरिक मिठाई, म्हणजे वागाशी, मुख्यतः कडधान्य, तांदूळ आणि साखर यांचीच. वड्या थापायला वापरतात ते कांतेन म्हणजे आपलं चायनाग्रास. दोरायाकी (पुरण भरलेले छोटे पॅनकेक) आणि कासुतेरा (स्पंज केक) यांत मात्र अंडं असतं. नव्या धाटणीच्या मिठायांमध्ये जिलेटिन असू शकतं, तेवढं विचारून घ्या.

मी क्योतोमध्ये नेरीकिरी, म्हणजे पुरणाची फुलं घडवायची मिठाई शिकले आणि तोक्योच्या असाकुसा भागात आमेझाइकु, म्हणजे साखरेचे प्राणी घडवायची कला. वेळ एकाचसाठी असेल तर आमेझाइकु करा.

नेरीकिरी आपल्या हाताला लगेच कळते. पांढऱ्या कडधान्याचं पुरण असतं, त्यात तांदळाच्या पिठाचा थोडा चिकट गोळा मळून घेतात, म्हणजे आकार धरतो. ती पारी तळहातावर घ्यायची, आत गडद पुरणाची गोळी ठेवायची आणि उंडा बंद करतो तसं फिरवत फिरवत तोंड मिटवायचं. उकडीचे मोदक वळणाऱ्यांना इथपर्यंत काहीच अवघड नाही. पुढे तिकोनी लाकडी पट्टीने पाकळ्यांच्या रेघा पाडायच्या, तिथे हात थरथरतो. फूल ऋतूप्रमाणे ठरतं. जूनमध्ये बहुधा हायड्रेंजिया असेल. केलेली मिठाई काडीने कापून खायची आणि मग कडसर माच्चा, म्हणजे हिरव्या चहाच्या पुडीचा चहा प्यायचा. हा क्रम मोडू नका, आधी गोड आणि नंतर चहा.

खरा कस लागला आमेझाइकुमध्ये. आमे म्हणजे साखरेची गोळी आणि झाइकु म्हणजे कारागिरी. एदो काळात (1603 ते 1868) हे कारागीर रस्त्यावर लोकांसमोर प्राणी-पक्षी घडवून विकत. स्टार्चपासून केलेला घट्ट पाक साधारण 90 अंशांपर्यंत गरम केलेला असतो. कारागिराने त्यातला लिंबाएवढा गोळा काढला, ओढला, दुमडला, पुन्हा ओढला. काचेसारखा पारदर्शक गोळा हवा शिरत गेली तसा पांढराशुभ्र झाला. तो काडीवर बसवून माझ्या हातात दिला. आता जेमतेम तीन ते पाच मिनिटं, नंतर तो दगड होतो. हत्यार एकच, चिमट्यासारखी दाबायची छोटी एकसंध कात्री. सशाचा कान काढायचा तर वरून एक काप द्यायचा, तो भाग ओढून लांब करायचा आणि बोटाने दाबून मागे वळवायचा. मी पहिल्या कानावर रेंगाळले आणि दुसऱ्याला कात्री लावली तेव्हा गोळा तडकला. कारागिराने शांतपणे नवा गोळा दिला आणि म्हणाला, “आधी कान डोळ्यांनी बघा, मग कापा.” दुसऱ्या वेळी तसंच केलं आणि ससा उभा राहिला. तो अजून माझ्या कपाटात आहे, खायचा धीर झालेला नाही.

एक गोष्ट मात्र मराठी माणसाने चुकवू नये, ती म्हणजे कोनपेइतो. दिसायला हुबेहूब आपला संक्रांतीचा काटेरी हलवा! नाव पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आलं. लुईस फ्रॉइस या धर्मगुरूने 1569 मध्ये ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला तो भेट दिला होता, आणि हा फ्रॉइस जपानला जाण्याआधी कित्येक वर्षं गोव्यात होता. क्योतोमध्ये 1847 पासून चालत आलेलं र्‍योकुजुआन शिमिझु हे दुकान आहे. तिथे तिरक्या, फिरत्या, तापलेल्या कढईत थोडाथोडा पाक घालत पंधरवड्याहून जास्त दिवस दाणे वाढवतात. आजी परातीत तिळावर पाकाचे थेंब सोडून बोटांनी फिरवत बसायची, त्याचंच हे मोठं रूप. मी घरी नेलेला दाणा आईने चावून पाहिला आणि विचारलं, “आत तीळ नाही का गं?” या दुकानाच्या दाण्यात तांदळाचा कण असतो, पण सतराव्या शतकातल्या जपानी वर्णनात कोनपेइतोच्या पोटात तीळच आहे. हे वाचलं त्या दिवशी मी आईला मुद्दाम फोन केला.

आता तुमच्या प्रवासाचं. दोन्ही वर्गांची जागा आधी आरक्षित करा, ऐन वेळी मिळणं कठीण. आमेझाइकुला जाताना अंगठ्या काढून ठेवा. जून हा तिथला पावसाळा, दमट हवेत साखरेचा प्राणी चिकट होतो, म्हणून ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट हवाबंद डब्यात ठेवा आणि हातातल्या बॅगेतून आणा. नेरीकिरी मात्र त्याच दिवशी खाऊन टाका. आणि 30 जूनला क्योतोमध्ये असाल तर मिनाझुकी नक्की घ्या. तांदळाच्या पिठाची पांढरी तिकोनी वडी, वर अझुकी या लाल कडधान्याचे दाणे. तिकोन म्हणजे बर्फाचा तुकडा, आणि लाल दाणे इडापीडा टाळायला. अर्धं वर्ष सरलं म्हणून ती त्या दिवशी खातात.