काळ्यात उभं राहणं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं निमंत्रण पोचलं. ११ सप्टेंबरला, राष्ट्रीय वन शहीद दिनी, वेताळ टेकडीवर जमायचं, वणवे विझवताना गेलेल्यांसाठी पणत्या लावायच्या, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि मग माझं भाषण. भाषण मी करणार नाही. रागावू नकोस, ऐकून घे.

तारखेत खोट नाही. १७३० साली राजस्थानातल्या खेजडलीत झाडं वाचवताना ३६३ बिश्नोई मारले गेले, त्यांच्या स्मरणाचा तो दिवस. पण सप्टेंबरात आपली टेकडी हिरवीगार, पायाखाली चिखल. तिथे वणव्याबद्दल कितीही बोललीस तरी ऐकणाऱ्याला झळ लागायची नाही. कार्यक्रम फेब्रुवारीत घे. तेव्हा कुसळी पिवळी पडून मोज्यांत रुतत असते. पोरांना उतारावर मधोमध उभं कर आणि विचार, आत्ता खाली कुणी पेटती विडी टाकली तर कुठे पळाल? बहुतेक जण वर बोट दाखवतील.

मीही वरच पळालो होतो. सिंहगडाच्या अंगाच्या एका डोंगरावर ओल्या फांदीने आग झोडपत होतो, वारा फिरला आणि मी चढाला लागलो. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते, हे मला वाचून माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं. एका वनमजुराने दंड धरून मला खाली, जळून गेलेल्या पट्ट्यात ओढलं. "हितं थांबा. जळल्यालं परत जळत न्हाई." माझ्या पायात ट्रेकिंगचे बूट होते, त्याच्या पायात स्लिपर.

त्यानंतर मी जगभरच्या वणव्यांचं वाचत सुटलो. ५ ऑगस्ट १९४९ला अमेरिकेत मोंटानातल्या मान गल्च नावाच्या घळीत अशीच आग ती विझवायला गेलेल्या तुकडीच्या मागे लागली. म्होरक्या वॅग्नर डॉज याने समोरचं गवत स्वतःच पेटवलं आणि त्या राखेत पालथा पडला. इतरांना हाका मारल्या, पण ते चढावर धावत राहिले. १३ जण गेले. डॉज वाचला. स्लिपरवाल्याचं वाक्य आणि डॉजची राख, गोष्ट एकच.

आणि ३० जून २०१३, ॲरिझोनातलं यार्नेल. ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स ही वणवे विझवणारी तुकडी काळ्यातच, म्हणजे जळून गेलेल्या रानात, सुरक्षित होती. तिथून ते न जळलेल्या झुडपांतून खाली निघाले. वादळी वाऱ्याने आग वळवली आणि १९ जण गेले. काळं सोडून का निघाले, हे सांगायला त्यांच्यातलं कुणी उरलं नाही. तिथे आता स्मृतिस्थळ आहे, पायवाट आहे. अमेरिकेत आग विझवणाऱ्या नव्या पोरांना अशा जागी चालत नेतात. इथे ते थांबले, इथून हे दिसत होतं, तू काय केलं असतंस? मला हे पुष्पचक्रापेक्षा मोठं वाटतं. मेलेल्यांना हुतात्मा म्हटलं की प्रश्न विचारायची चोरी होते. आपल्याकडे तर फारच.

आपल्याकडचे विसरू नकोस. ८ एप्रिल २०२१ला आपल्याच राज्यात, नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. त्यांची नावं शोध, नीट उच्चारून वाच. मग चौकशी कर की आपल्या टेकड्यांवर आज जे जातात त्यांच्या पायात काय असतं, प्यायचं पाणी कोण पोचवतं, रोजंदारीवरच्या माणसाचा विमा आहे का. पणत्यांसाठी जमवलेल्या वर्गणीतून बूट घे. चांगले, चामड्याचे, नायलॉन वितळून कातडीला चिकटतं.

वन विभागाला विचारून हिवाळ्यात जाळरेषा काढायलाही या. गवत कापून, जाळून पट्टा मोकळा करायचा, की पुढची आग तिथे अडते. कंटाळवाणं काम आहे, फोटो बरे येत नाहीत. तुझ्या गटातले निम्मे दुसऱ्या रविवारी येणार नाहीत. येतील तेवढ्यांना घे.

फेब्रुवारीतला रविवार ठरला की कळव. सकाळी सातलाच सुरू करू, दुपारी वारा उठतो. सुती कपडे घालून या. माझे गुडघे आता कुरकुरतात, पण उताराच्या मध्यापर्यंत येईन.

तुझा,
काका