दिवे मालवले तर दिसेल

प्रश्न : खासगी पाणबुड्या आता विकत मिळतात असं वाचलं. अशी पाणबुडी हाताशी असेल तर महाकाय स्क्विड, म्हणजे खोल समुद्रातला प्रचंड माकूळ, प्रत्यक्ष पाहता येईल का? एवढं धूड इतकी वर्षं कुणाला जिवंत कसं दिसलं नाही? आणि पाणबुडीच्या त्या पारदर्शक गोलात बसणं सुरक्षित असतं का?

उत्तर : पाहता येईल. जपानचे प्राणिशास्त्रज्ञ सुनेमी कुबोदेरांनी पाहिलाय, तोही तीन माणसांच्या छोट्या ट्रायटन पाणबुडीत बसून. जुलै २०१२ मध्ये ओगासावारा बेटांजवळ ते खाली उतरले. आमिष म्हणून दुसऱ्या जातीचा मीटरभर लांबीचा स्क्विड बांधला होता आणि पाणबुडी जवळजवळ अंधारात होती. साधारण ६३० मीटरवर महाकाय स्क्विडनं आमिष धरलं. कुबोदेरांना राहवेना, त्यांनी आधी हातातली विजेरी आणि मग पाणबुडीचे पांढरे दिवेही लावले. तो हलला नाही. खात खात पाणबुडीबरोबर ९०० मीटरपर्यंत उतरत गेला. सावज पकडायच्या त्याच्या दोन लांब सोंडा तुटलेल्या होत्या, तरी उरलेलं अंग तीन मीटरचं होतं. त्या चित्रफितीतली त्याची कातडी जरूर पाहा, सोन्याचांदीचा मुलामा दिल्यासारखी झळाळते. किनाऱ्याला लागलेल्या फिकट कलेवरांवरून हा रंग कुणाच्या ध्यानीमनीही आला नसता.

आता तुमचा खरा प्रश्न. माझ्या मते अडचण खोलीची कमी आणि आपल्या दिव्यांची जास्त होती. या प्राण्याचा डोळा २७ सेंटिमीटरपर्यंत रुंद असतो. एवढा डोळा कशासाठी, याचं गणित शास्त्रज्ञ डान-एरिक निल्सन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्येच मांडलं. स्पर्म व्हेल स्क्विडला खातो. तो पाण्यातून येताना वाटेतले सूक्ष्म जीव डिवचले जाऊन चमकतात आणि व्हेलचा अंधुक उजळ आकार तयार होतो. तो आकार शंभराहून अधिक मीटरवरून ओळखायला हा डोळा सोयीचा आहे. पाणबुडीही पाण्यातून जाताना तसेच जीव चमकवते! त्यात तिच्या मोटारींचा आवाज आणि झगझगीत दिवे. आपल्याला तो दिसण्याच्या कितीतरी आधी आपण त्याला दिसलेले असतो.

हे नेमकं हेरलं सागरी जीवशास्त्रज्ञ एडिथ विडर यांनी. त्यांच्या ‘मेडुसा’ कॅमेऱ्याला मोटारी नाहीत. तो दोराला टांगलेला असतो आणि तांबड्या प्रकाशात चित्रण करतो, कारण खोल पाण्यातल्या बहुतेक प्राण्यांना तांबडा रंग दिसत नाही. सोबत निळ्या दिव्यांची कृत्रिम जेलीफिश. खरी अॅटोला जेलीफिश शत्रूनं धरलं की निळा प्रकाश फिरवत राहते. त्या उजेडाला शत्रूचाही शत्रू येतो आणि झटापटीत तिला निसटायला वाव मिळतो. २०१२ च्याच मोहिमेत या युक्तीला महाकाय स्क्विड आला. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या आखातात, ७५९ मीटरवर, पुन्हा आला. तेव्हा पाण्याखाली माणूस नव्हताच.

म्हणून पैसे मोजून पाणबुडीत बसायची संधी मिळालीच, तर चालकाला आधीच विनंती करा : ठरलेल्या खोलीवर मोटारी थांबवा, आतले छोटे दिवेसुद्धा बंद करा आणि अर्धा तास शांत बसू द्या. डोळे अंधाराला सरावायला तेवढा वेळ लागतोच. स्क्विड नाही आला तरी बाहेर निळ्या ठिणग्या उडताना दिसतील, आणि त्यासाठीसुद्धा मी आनंदानं खाली जाईन.

सुरक्षिततेचं म्हणाल तर तो गोल काचेचा नसतो, जाड अॅक्रिलिकचा असतो. हजार मीटरवर दर चौरस सेंटिमीटरला शंभर किलोच्या आसपास दाब असतो आणि गोल आकारावर तो सगळीकडून सारखा पडतो. पाण्यात अॅक्रिलिकची भिंत जवळपास दिसेनाशी होते, ही त्याची आणखी एक खुबी. पण पाणबुडीची तपासणी त्रयस्थ संस्थेनं करून प्रमाणपत्र दिलं आहे का, हे विचारल्याशिवाय आत पाय ठेवू नका. जून २०२३ मध्ये पाच जणांसह फुटलेल्या ‘टायटन’ पाणबुडीकडे ते नव्हतं आणि तिचा मुख्य भाग कार्बन फायबरचा होता. दुसरी चौकशी हवेची करा. बंद गोलात ऑक्सिजन संपण्याआधी उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जिवावर उठतो. तो शोषणारी रसायनं किती तास पुरतील, हे चालकाला तोंडपाठ असायला हवं.