तिला समजावण्याआधी

पत्र : माझी मुलगी बारावीला ८१ टक्के मिळवून उत्तीर्ण झाली. नीटचे दोन प्रयत्न झाले, तरी सरकारी एमबीबीएसला प्रवेश मिळेल इतके गुण पडले नाहीत. आम्ही तिसऱ्या प्रयत्नाची तयारी ठेवली आहे. पण ती म्हणते, ‘मला डुकरांच्या विषाणूजन्य रोगांसाठी रक्तचाचणी तयार करायची आहे, अशी की पहिल्याच दिवशी रोग कळेल.’ तिचा मामा नोकरीनिमित्त गुवाहाटीला असतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत ती तिकडे असताना शेजारच्या कुटुंबाची सगळी डुकरे आठवडाभरात आफ्रिकन स्वाइन फिवरने मेली, तेव्हापासून तिला हे वेड लागले आहे. रक्ततपासणीचीच आवड असेल, तर डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) करून ठाण्यात लॅब काढून द्यायलाही मी तयार आहे. पण डुकरे? नातेवाइकांना आणि सोसायटीतल्या लोकांना काय सांगायचे? शिवाय तिच्या जिवाला धोका आहेच. कृपया तिला समजावून सांगा. — एक पालक, ऐरोली

उत्तर : आपले पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा माझी नजर गुणांवर नव्हे, तर ‘वेड’ या शब्दावर अडली. ज्या मुलीने एका कुटुंबाची मिळकत आठवडाभरात नाहीशी होताना पाहिली, ती गोष्ट दोन वर्षे मनात जपली आणि त्यावर आपण काय करू शकतो याचे एक नेमके उत्तर शोधले, तिच्या या विचाराला आपण वेड म्हणता. अठरा-एकोणीस वर्षांची मुले माझ्यासमोर रोज येतात, आणि ‘तुला काय करावेसे वाटते’ या प्रश्नावर त्यांच्यातली बहुतेक आईवडिलांच्या तोंडाकडे पाहतात. आपल्या मुलीने एका वाक्यात रोग, प्राणी, साधन आणि हेतू असे चारही सांगितले आहेत. त्या वाक्यात एक शास्त्रीय चूक आहे, तिच्याकडे मी पुढे येते. पण अशा मुलीला समजावण्याआधी तिचे म्हणणे समजून घेणे भाग आहे, आणि गुवाहाटीत तिने नेमके काय पाहिले हे आपण तिला कधी विचारल्याचे पत्रात कुठेही दिसत नाही.

लोकांना काय सांगायचे, हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्यावर मी स्पष्ट बोलणार आहे. हीच मुलगी घोड्यांच्या किंवा गायींच्या रोगावर काम करायचे म्हणाली असती, तर हे पत्र आले नसते. आपल्याकडे डुकरे राखणारी माणसे गावकुसाबाहेर ठेवली गेली. त्या माणसांविषयीची तुच्छता पिढ्यान्‌पिढ्या त्या प्राण्यालाही चिकटली, आणि आज ऐरोलीतल्या सुशिक्षित घरातही ती विचार न करता बोलली जाते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, त्यांतली सुमारे २१ लाख एकट्या आसामात होती. तिथे मुलांची फी, आजारपण, लग्नकार्य अशा खर्चाच्या वेळी विकता येईल अशी ती घरची ठेव असते, आणि बहुतेक ठिकाणी ती सांभाळतात घरातल्या बायका. वाशी-ठाण्याच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात हृदयरुग्णाचे रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपारिन डुकराच्या आतड्यांपासून बनते, आणि ते टोचताना कोणताही नातेवाईक आक्षेप घेत नाही. सोसायटीत कुणी विचारले, तर ‘मुलगी विषाणूंवर संशोधन करते आहे’ इतके सांगणे पुरेसे आहे आणि ते पूर्ण खरेही आहे. पण मुलीच्या कामाचा अर्धा भाग झाकून सांगावा लागतो असे आपल्याला वाटत राहिले, तर ते तिला कळल्याशिवाय राहणार नाही.

तिसऱ्या प्रयत्नाविषयी माझे मत विचाराल, तर तो देऊ नये. एखादे मूल स्वतःहून मागत असेल तर मी विचार करते. इथे प्रयत्नाची तयारी आपण ठेवली आहे, तिने नव्हे.

आता आपल्या पत्रातल्या सर्वांत मोठ्या गैरसमजाविषयी. डीएमएलटी हा चांगला अभ्यासक्रम आहे, परंतु चाचणी करणे आणि चाचणी घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत. तुर्भे-महापे भागातल्या मोठ्या प्रयोगशाळांत रोज हजारो नमुने तयार किटवर तपासले जातात. ते किट ज्याने घडवले, त्याचे काम कित्येक वर्षे आधी सुरू झालेले असते. विषाणूची कोणती प्रथिने डुकराच्या शरीराला ठळकपणे जाणवतात आणि कोणाविरुद्ध प्रतिपिंडे, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिने, लवकर व भरपूर तयार होतात, हे आधी शोधावे लागते. आफ्रिकन स्वाइन फिवरच्या बाबतीत पी३० आणि पी७२ ही त्यांतली नावाजलेली नावे. मग ते प्रथिन जिवाणूंमध्ये किंवा कीटकांच्या पेशींमध्ये बनवून, शुद्ध करून, ९६ खळग्यांच्या प्लेटवर बसवायचे, त्यावर डुकराचे सिरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव) घालायचे, आणि प्रतिपिंडे चिकटली असतील तर विकराच्या (एन्झाइमच्या) साहाय्याने रंग उमटेल अशी व्यवस्था करायची. ही एलायझा पद्धत १९७१ पासून जगाला ठाऊक आहे. खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते, कारण रंग किती गडद झाला म्हणजे ‘बाधित’ म्हणायचे, ही रेषा ओढण्यासाठी खात्रीने बाधित आणि खात्रीने निरोगी अशा शेकडो डुकरांची सिरम लागतात. शिवाय डुकरांच्या दुसऱ्या एका रोगाच्या, क्लासिकल स्वाइन फिवरच्या विषाणूचे जवळचे भाऊबंद गायी-म्हशींत आणि मेंढ्यांत असतात. गोठ्याशेजारी वाढलेल्या डुकराच्या रक्तात गायीच्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे असू शकतात, आणि निष्काळजीपणे निवडलेले प्रथिन त्यांनाही चिकटते. आता एक साधा हिशेब करून पाहा. १,००० डुकरांपैकी १० खरोखर बाधित आहेत. चाचणी १०० बाधितांपैकी ९० ओळखते आणि १०० निरोगींपैकी ९८ जणांना बरोबर निरोगी ठरवते. ऐकायला उत्तम वाटणारी ही चाचणी ९ बाधित शोधेल, आणि त्याच वेळी ९९० निरोगींपैकी सुमारे २० जणांना बाधित ठरवेल, म्हणजे २९ पैकी २० निकाल खोटे. प्रादुर्भावाच्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातली डुकरे मारण्याचे धोरण जिथे लागू होते, तिथे खोट्या निकालाची किंमत आपल्या मुलीने पाहिलेल्या त्या कुटुंबासारखी कुटुंबे मोजतात. म्हणूनच असा एक निकाल आला की दुसऱ्या पद्धतीने खात्री करून घ्यावी लागते. हे सगळे ज्याच्या हातचे आहे तो संशोधक असतो, आणि लॅब काढून देऊन संशोधक होत नाही.

हा पुढचा भाग तिच्यासाठी आहे, तो तिला वाचायला द्यावा. बाळ, रक्तचाचणी म्हणताना तुझ्या मनात प्रतिपिंडांची चाचणी आहे असे मी धरते, पण पहिल्याच दिवशी रोग सांगणारी चाचणी प्रतिपिंडांची असू शकत नाही. प्रतिपिंडे हा शरीराने विषाणूला दिलेला जबाब आहे, आणि आफ्रिकन स्वाइन फिवरमध्ये तो रक्तात दिसायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. तीव्र रोगात डुक्कर त्याच सुमारास किंवा त्याआधीच मरते. त्या शेजाऱ्यांकडची मरणारी डुकरे ओळखायला विषाणूची जनुके शोधणारी पीसीआर चाचणी हवी होती. मग तू म्हणतेस त्या चाचणीचा उपयोग काय? जी डुकरे वाचतात, ज्यांच्यात रोग सौम्य होऊन गेला, जी वरून धडधाकट दिसतात, त्यांचा माग मुख्यतः प्रतिपिंडांवरूनच लागतो. स्पेनमध्ये हा रोग १९६० साली शिरला आणि ठाण मांडून बसला. १९८५ मध्ये तिथे निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला, गावोगावच्या डुकरांचे रक्त गोळा करून प्रतिपिंडे तपासली गेली, छुपी बाधित जनावरे बाजूला काढली गेली, आणि १९९५ मध्ये देश रोगमुक्त ठरला. ज्या रोगावर तेव्हा लसच नव्हती, तो चाचणी आणि शिस्त यांच्या बळावर हटवला गेला. डुकरांच्याच आणखी एका विषाणूजन्य रोगाची, ऑजेस्कीच्या रोगाची गोष्ट याहून सुंदर आहे. त्याच्या लसीतल्या विषाणूतून एक प्रथिन मुद्दाम काढून टाकले आणि चाचणी नेमकी त्याच प्रथिनाची ठेवली, त्यामुळे लस टोचलेले डुक्कर आणि खरोखर बाधित झालेले डुक्कर रक्तावरून वेगळे ओळखता येऊ लागले. तुझा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. तो पुरा करण्यातच तुझा अभ्यास आहे.

धोक्याविषयी पालकांना खरे तेच सांगते. आफ्रिकन स्वाइन फिवर आणि क्लासिकल स्वाइन फिवर माणसाला होत नाहीत. डुकरांतून माणसांकडे येणारे विषाणू मात्र आहेत: मलेशियात १९९८-९९ मध्ये निपाह डुकरांमार्फतच माणसांत आला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली, तर जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या शरीरात वाढतो आणि डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. हे काम धोक्याच्या प्रतवारीनुसार बांधलेल्या बंदिस्त प्रयोगशाळांत, प्रशिक्षण घेतल्यावरच करू दिले जाते. आणि डुकरांवर लक्ष ठेवणारे लोक असतील, तरच असा विषाणू माणसांपर्यंत येण्याआधी सापडतो.

मार्गांचे सांगायचे तर, नीटच्या गुणांवरच राज्यातल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत प्रवेश मिळतो, तेव्हा तिचे दोन प्रयत्न वाया गेलेले नाहीत. नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची प्रवेशप्रक्रिया चुकवू नका. दुसरा मार्ग सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी आणि पीएचडी असा आहे, आणि त्याची सुरुवात ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहूनही होते. माझा कल पशुवैद्यकाकडे आहे. ज्याने डुकराच्या मानेतून स्वतः रक्त काढलेले नाही, कळप आजारी पडताना पाहिलेला नाही, त्याची चाचणी कागदावर चांगली आणि गोठ्यात लंगडी ठरण्याचा संभव जास्त असतो. साडेपाच वर्षांच्या पदवीनंतर पशुसूक्ष्मजीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि मग पीएचडी, म्हणजे एकूण दहा-अकरा वर्षे लागतील. निर्णयाआधी तिला एकदा परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात घेऊन जा. ऐरोलीहून तासा-दीड तासाचे अंतर आहे, आणि आपण स्वतः सोबत गेलात तर फार बरे.

आपण पत्रात विचारलेली नाही अशी एक अडचण मात्र मला खरी वाटते. या विषयाचे मोठे काम मुंबईच्या आसपास होत नाही. ते बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत, भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेत आणि गुवाहाटीजवळच्या राणी इथल्या वराह संशोधन केंद्रात होते. कायम जागा थोड्या निघतात, त्यांच्यासाठी वाट पाहावी लागते. खाजगी किट कंपन्यांत संधी आहेत, पण तिथे मुख्यतः माणसांच्या चाचण्यांचे काम असते. सुदैवाने प्रथिन बनवणे, एलायझा बसवणे आणि तिची पडताळणी करणे ही कौशल्ये दोन्हीकडे तीच आहेत, त्यामुळे पुढे मन बदलले तरी शिकलेले हातचे जात नाही. पीएचडीच्या काळात राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला सुरुवातीला दरमहा ३७,००० रुपये अधिछात्रवृत्ती आणि घरभाडे भत्ता मिळतो, म्हणजे लॅबसाठी बाजूला ठेवलेली रक्कम मोडण्याची गरज पडू नये.

पुढचे पत्र आपण लिहू नये, तिने लिहावे. परळला काय पाहिले, तिथे काय आवडले आणि काय सहन झाले नाही, आणि बरेलीला किंवा गुवाहाटीला घरापासून दूर पाच-सहा वर्षे राहायची तिची तयारी आहे का, एवढे तिने कळवले की पहिल्या वर्षाच्या पुस्तकांपासून बोलायला मी बसेन.