दिवाळीनंतरचे सेल खरंच स्वस्तात पडतात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवाळीत खरेदी राहून गेली, आता पुण्यात लक्ष्मी रोडपासून विमाननगरच्या मॉलपर्यंत जिकडेतिकडे ५० टक्के सूट लिहिलंय. कपडे, बूट आणि वॉशिंग मशीन घ्यायचंय. ही सूट खरी असते, की किंमत आधी चढवून मग उतरवतात?

दोन्ही प्रकार असतात आणि बऱ्याचदा एकाच दुकानात, शेजारशेजारच्या रॅकवर असतात. पाटीवरच्या टक्क्यांवरून काहीच कळत नाही. हा माल काढून टाकायची दुकानदाराला आत्ता गरज का आहे, एवढंच शोधायचं. कारण सापडलं तर सूट खरी. नाही सापडलं, तर तो माल बहुधा सेलसाठीच आणलेला आहे.

कपड्यांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. सणाचे कुर्ते, शेरवानी, लहान मुलांचे झगमगीत ड्रेस हे दिवाळी संपली की खरोखर पडून राहतात. त्यातही एस आणि डबल एक्सएल राहतात, एम आणि एल आधीच संपलेले असतात. म्हणून रॅकवर एकाच डिझाइनचे दोन-तीन पीस आणि तेही तुटक साइझचे दिसले, तर तो उरलेला माल आहे. तुमचा साइझ त्यात असेल तर बिनधास्त घ्या. उलट एकाच शर्टच्या सगळ्या साइझच्या नव्या कोऱ्या चळती लागल्या असतील, तर तो माल उरलेला नाही. पॅकबंद कपड्याच्या लेबलवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, ते वाचा. सुट्या टांगलेल्या कपड्यांवर ते छापणं आता सक्तीचं नाही, पण बऱ्याच कंपन्या छापतात. ‘स्टॉक क्लिअरन्स’ लिहिलेल्या शर्टवर ऑक्टोबरचा महिना असेल, तर तो साठलाच कधी?

सेलसाठी शिवलेला कपडा हातात घेतल्यावर कळतो. बाजूची शिवण उलटी करून बघा: आत जेमतेम अर्धा सेंटिमीटर कापड सोडलेलं असतं, चौकड्या शिवणीवर जुळत नाहीत, जादा बटण दिलेलं नसतं. दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी शिवण हलकेच ताणली की टाके दात विचकतात. असा १,९९९ छापलेला शर्ट ९९९ला घेणं म्हणजे हजाराचा शर्ट हजारालाच घेणं.

किमतीच्या स्टिकरखाली काय आहे तेही बघाच. नियम असा आहे की छापील किंमत कमी करणारं स्टिकर लावता येतं, पण त्याने कंपनीची मूळ छापील किंमत झाकायची नाही. वाढीव किमतीचं स्टिकर लावणं तर बेकायदाच. कोपरा नखाने उचलून खाली कमी आकडा दिसला, तर तिथेच फोटो काढा.

साड्यांसाठी मात्र दिवाळीनंतर थांबण्यात अर्थ नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, मग लक्ष्मी रोडवरचा दुकानदार पैठणी स्वस्त का करेल? साड्यांचे खरे सेल आषाढात लागतात, तेव्हा मुहूर्त नसतात आणि दुकानं ओस असतात. काळ्या साड्यांना आणि कुर्त्यांना संक्रांतीपर्यंत मागणी असते, त्यामुळे १४ जानेवारी उलटल्यावर बघा. स्वेटर-जॅकेटचं तसंच. पुण्यातली थंडी फेब्रुवारीत ओसरते आणि दुकानदाराला ते वर्षभर सांभाळायचे नसतात, म्हणून जानेवारीअखेरचा भाव नोव्हेंबरपेक्षा चांगला असतो. आकाशकंदील आणि माळा तर भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवसापासूनच उतरतात. तुळशीबागेत, तपकीर गल्लीत माळ घेताना ती लावून दाखवायला सांगा आणि वायर प्लगपाशी वाकवून बघा. वर्षभर पडून राहणाऱ्या माळा तिथेच तुटतात.

बुटांबाबत मी जरा आग्रहाने सांगेन. काही स्पोर्ट्स शूज आणि बऱ्याच ऑफिस शूजचा तळ पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका फोमसारख्या प्लास्टिकचा असतो. तो न वापरताही हवेतल्या दमटपणामुळे आतून मोडत जातो. तीन-चार वर्षं गोदामात राहिलेला जोड दिसायला नवा असतो आणि वापरायला काढल्यावर थोड्याच दिवसांत त्याचा तळ भुसभुशीत होऊन गळू शकतो. ७० टक्के सवलतीतला जोड घेताना खोक्यावरचा उत्पादनाचा महिना बघा. दोन वर्षांपेक्षा जुना असेल तर सोडून द्या. तळ अंगठ्याने दाबा. चिकट लागला किंवा बारीक भेगा दिसल्या, तर फुकटातही नको.

सुक्या मेव्याच्या भेटपेट्या अर्ध्या किमतीत मिळतात, तिथे गुणाकार करा. १,००० रुपये छापलेली ४०० ग्रॅमची पेटी ५०० ला मिळाली, तरी भाव किलोला १,२५० पडला आणि त्यात पाव हिस्सा बेदाणे असतात. बऱ्याच पाकिटांवर प्रतिग्रॅम किंमतही छापलेली असते. रविवार पेठेतल्या सुट्या भावाशी ताडून बघा.

आता वॉशिंग मशीन. मोबाइल आणि टीव्हीवरच्या मोठ्या बँक ऑफर दसरा-दिवाळीच्या आधीच येऊन जातात, त्यामुळे सणानंतर त्यांचे भाव फारसे पडत नाहीत. मशीन, फ्रिज, एसीचं गणित वेगळं: विक्रेत्याला कंपनीचं महिन्याचं आणि तिमाहीचं टार्गेट असतं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घासाघीस करायला सगळ्यात जास्त वाव असतो. एसी तर थंडीतच घ्यावा. फक्त स्टार लेबलवरचा कालावधी वाचा, कारण निकष अधूनमधून कडक होतात. १ जुलै २०२२ला ते बदलले, तेव्हा ४.५ आयसीअर (खर्चलेल्या विजेच्या मानाने एसी किती गारवा देतो, तो आकडा) असलेला ‘पाच स्टार’ एसी नव्या तक्त्यात चार स्टारचा झाला. जुन्या लेबलचा माल वाईट नसतो, पण तो चार स्टारच्या भावात मिळायला हवा.

सेलमध्ये ‘डिस्प्ले पीस’ किंवा ग्राहकाने परत केलेलं मशीन नवं म्हणून खपवलं जाऊ शकतं. फ्रंट लोड मशीनच्या मागे वाहतुकीसाठी तीन-चार मोठे बोल्ट लावलेले असतात. बोल्ट काढून तिथे प्लास्टिकची टोपणं बसवलेली असतील, तर ते मशीन कुठेतरी लागून आलंय. दाराच्या रबराची घडी बोटाने उघडा. आत ओल, केस किंवा साबणाचा थर असेल तर उत्तर मिळालंच. खोक्यावरचा, मशीनवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर एकच हवा. डिस्प्ले पीस मुद्दाम घेणार असाल, तर तसं बिलावर लिहून घ्या आणि वॉरंटी बिलाच्या तारखेपासून पूर्ण मिळेल हेही लिहून घ्या.

पैसे देताना तीन आकडे तपासा. ‘५० + २० टक्के’ म्हणजे ७० नव्हे, ६०: दोन हजारांचे आधी हजार होतात, मग आठशे. ‘दोनवर एक फ्री’मध्ये सगळ्यात स्वस्त नग फुकट धरतात, १,८००, १,६०० आणि ९०० चे तीन शर्ट घेतले तर सूट २१ टक्क्यांच्या आसपास बसते, ३३ नाही. आणि ‘नो कॉस्ट ईएमआय’ फुकट नसतो. ३० हजारांच्या मशीनवर सहा महिन्यांचं व्याज १,३०० धरलं आणि ते विक्रेत्याने सूट म्हणून दिलं, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३४ रुपये, तुमच्याच खात्यातून जातो. १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर करासह आणखी २३५. शिवाय रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत हातची जाते. आधी रोखीचा शेवटचा भाव विचारा, हप्त्याचा विषय त्यानंतर काढा.

छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. तरी सूट दिल्यावर ‘टॅक्स वेगळा’ म्हणत कोणी वर रक्कम लावली तर देऊ नका. असं करणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०१७ मध्ये म्हटलंय. ‘सेलचा माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटीही सदोष मालाला लागू होत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिलावर मुदत नसेल, तर सदोष वस्तू ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं आणि बिल न देणं, दोन्ही अनुचित प्रथा आहेत. रंग किंवा साइझ आवडला नाही म्हणून मात्र हा हक्क मिळत नाही, म्हणून सेलमधला कपडा घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

दुकानदार ऐकत नसेल तर बिल, लेबल आणि पाटीचे फोटो घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल होते. पाटीचा फोटो आत शिरतानाच काढून ठेवा, कारण तक्रार होईपर्यंत सेल संपून पाटी उतरलेली असते.