खर्जाची बाजू : वाचकांचे प्रश्न

बास गिटारवर या वेळी आलेली बरीच पत्रे एकाच काळाभोवती फिरतात: साठच्या दशकाचा उत्तरार्ध, इंग्लंडमधला ब्लूज-रॉक. त्यातली पाच निवडली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो आणि वर्षभर बासही शिकतो आहे. क्रीम या बँडच्या ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’चा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी सुरांची ओळ) बसला आहे, सूर सगळे बरोबर लागतात. तरी ड्रमवाला म्हणतो, वजन येत नाही. कुठे चुकते? — एक वाचक, फोंडा

पेटीवाल्याला हा रिफ सरगममध्ये लगेच कळेल. डी हा षड्ज धरा. तार सा, सा, कोमल नी, सा. मग पंचम, तीव्र मध्यम, शुद्ध मध्यम. शेवटी मध्य सा, कोमल गंधार, सा. दोन्ही मध्यम लागोपाठ येतात, आणि ब्लूजचा रंग नेमका त्या उतरणीत आहे. तीव्र मध्यमावर रेंगाळू नका, तो जाता जाता लागला पाहिजे.

फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आधी तपासून घ्या, कारण बरेच जण जागाच अवघड निवडतात. डी तारेवर १२, १२, १०, १२. ए तारेवर १२, ११, १०. ई तारेवर १०, १३, १०. तर्जनी दहाव्या फ्रेटवर, पुढची बोटे क्रमाने, करंगळी तेराव्यावर. गाणे जी सुरावर जाते तेव्हा पंजा तिथेच ठेवा आणि हाच आकार एक तार सरकवून जी, डी आणि ए तारांवर वाजवा. फ्रेटचे आकडे तेच राहतात.

आता वजनाचे. सूर बरोबर असूनही रिफ हलका वाटतो, याचे पहिले कारण बहुधा सुरांची लांबी. पेटीवर पट्टी सोडली की सूर संपतो. बासवर बोट एकदम उचलले तर तार मोकळी होऊन वाजत राहते आणि शेजारची तारही तिच्याबरोबर थरथरते. खालचे सूर असे एकमेकांत मिसळले की नुसता गडगडाट उरतो. म्हणून सूर संपवताना बोट तारेवरच राहू द्या, फक्त दाब काढा. उजव्या हाताचा अंगठा कायम पिकअपवर (तारांची थरथर पकडणाऱ्या, त्यांच्याखालच्या पट्टीवर) टेकवून ठेवायची सवय मोडा. डी तार छेडताना तो ए तारेवर असावा आणि त्याची कड ई तारेला लागलेली असावी. रिफ ई तारेवर उतरला की अंगठा पिकअपवर न्या. तेव्हा वरच्या तारा डाव्या हाताच्या आडव्या पडलेल्या बोटांनी दाबून मुक्या करा.

सराव असा करा. मेट्रोनोम ७० वर लावा. आधी प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत ताणून वाजवा. मग प्रत्येक सूर अर्ध्यावर तोडा. दोन्ही नीट जमल्यावरच मूळ ध्वनिमुद्रण ऐका आणि क्रीमचा बासवादक जॅक ब्रूस कुठला सूर तोडतो, कुठला धरतो, ते टिपून घ्या. तो स्कॉटलंडमध्ये चेलो शिकलेला होता, आणि सूर धरण्याची ती सवय त्याच्या बासमध्ये ऐकू येते. हे ऐकणे फोनच्या स्पीकरवर करू नका. बासची मोकळी ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर बोलते आणि फोनचा स्पीकर तिथवर पोचतच नाही. तुम्ही ऐकता ती नुसती वरची छटा. हेडफोन लावा.

दुसरे कारण तुमच्या हातात नसेलही. १९६७च्या त्या ध्वनिमुद्रणात क्रीमचा ड्रमवादक जिंजर बेकर जोर पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर देतो, तोही टॉम ड्रमवर. रॉकमध्ये एरवी स्नेअर ड्रम दुसऱ्या-चौथ्यावर पडतो. तुमचा ड्रमवाला सवयीने तेच वाजवत असेल तर हा रिफ पाय उचलल्यासारखा वाटणारच. एकदा त्यालाही विचारून बघा!

बारा बारचा (चार ठोक्यांचा एक बार) ब्लूज वाजवताना नवव्या बारपाशी दर वेळी वाट चुकते. गिटारवाला सोलो घेत असला तर हमखास. — एक वाचक, डिचोली

चुकण्याची जागा तुम्ही अचूक सांगितली आहे. पहिले आठ बार सावकाश बदलतात, नवव्यापासून घाई सुरू होते. ए सुरात मांडणी अशी: चार बार ए, दोन बार डी, पुन्हा दोन बार ए, मग एकच बार ई, एकच बार डी, आणि शेवटी दोन बार ए. त्यातल्या बाराव्यात बहुतेक वेळा ई घेऊन पुन्हा समेवर येतात. एकूण ४८ ठोक्यांचे एक आवर्तन. तालाचे आवर्तन अंगात भिनलेल्या माणसाला बार मोजायची गरज पडू नये, पण त्यासाठी खालीची जागा ठरवावी लागते. पाचवा बार, म्हणजे डीवर जाण्याची जागा, ही तुमची पहिली खूण. नववा बार ही दुसरी. मधले मोजू नका, या दोन जागांची वाट पाहा.

ओळ एकच पाठ करा आणि ती सगळीकडे सरकवा. ई तारेवर ५ (मधले बोट), ए तारेवर ४ (तर्जनी) आणि ७ (करंगळी), डी तारेवर ४ (तर्जनी) आणि ५ (मधले बोट). तिथून उलटे: डी तारेवर ४, ए तारेवर ७, ए तारेवर ४. सुरांची नावे ए, सी शार्प, ई, एफ शार्प, जी, आणि परत. आठ ठोके, म्हणजे दोन बार. पहिल्या चार बारांना ही ओळ दोनदा पुरते. डीसाठी हाच आकार एक तार सरकवा, मधले बोट ए तारेच्या पाचव्या फ्रेटवर. इथे एकदा, मग एवर एकदा. झाले आठ बार.

गोंधळ इथेच होतो. नवव्या बारला तुमच्याकडे चारच ठोके असतात आणि हात सवयीने आठ सुरांची ओळ सुरू करतो. म्हणून नवव्या आणि दहाव्यासाठी ओळीचे फक्त पहिले चार सूर घ्या. ईसाठी मधले बोट ए तारेच्या सातव्या फ्रेटवर: ए तारेवर ७, डी तारेवर ६ आणि ९, जी तारेवर ६. लगेच दोन फ्रेट मागे येऊन तसेच चार सूर डीचे. हे दोन बारच वेगळे काढून, दुसरे काही न वाजवता, पंधरा-वीस वेळा फिरवा. अख्खे आवर्तन पुन्हा पुन्हा वाजवून ही चूक सुटत नाही, उलट चुकीचाच सराव होतो.

ओळ पक्की झाली की मेट्रोनोम निम्म्या गतीवर लावा: १०० ची लय हवी असेल तर ५० वर. प्रत्येक टिकटिक दुसरा किंवा चौथा ठोका समजा. पहिला ठोका आता तुम्हालाच धरावा लागतो, आणि सोलो घेणारा गिटारवाला भरकटला तरी तुमचे स्थान सुटत नाही.

शफल (ब्लूजची झुलती लय) हवा असेल तर ठोक्याचे तीन भाग करा. पहिला आणि तिसरा वाजवा, मधला मुका. दोन समान भाग करून दुसरा जरा उशिरा टाकणे म्हणजे शफल नव्हे, ते लंगडते. ऐकण्यासाठी १९६६चा जॉन मेयॉल आणि एरिक क्लॅप्टन यांचा ‘ब्लूज ब्रेकर्स’ अल्बम घ्या. त्यात बासवर जॉन मॅकव्ही आहे. लोक तो क्लॅप्टनच्या गिटारसाठी ऐकतात. तुम्ही गिटारकडे दुर्लक्ष करून एकदा नुसता मॅकव्ही ऐका. क्रीमचा १९६८चा थेट कार्यक्रमातला ‘क्रॉसरोड्स’ आणि लेड झेपेलिनच्या दुसऱ्या अल्बममधला ‘द लेमन साँग’ सध्या बाजूला ठेवा. जॅक ब्रूस आणि जॉन पॉल जोन्स तिथे इतके फिरतात की ज्याची मूळ चौकट पक्की नाही, तो त्यातून फक्त सुरांची गर्दी शिकेल.

फ्री या बँडच्या ‘ऑल राइट नाऊ’मध्ये कडव्यांना बास काय वाजवायचा? नेटवर मिळणाऱ्या टॅब (कुठली तार, कुठला फ्रेट ते दाखवणारी लिपी) एकमेकींशी जुळत नाहीत. — एक वाचक, मडगाव

काही नाही. कडव्यांत बास नाहीच, तो ध्रुपदाला येतो. त्या टॅबवाल्यांनी रिकामी जागा आपापल्या परीने भरली आहे. १९७० साली हे वाजवणारा अँडी फ्रेझर १७ वर्षांचा होता, आणि त्या वयात गप्प राहण्याचे धाडस त्याच्याकडे होते. कडव्यात तारांवर दोन्ही तळवे टेकवून ठेवा, नाहीतर ॲम्पमधून घरघर येत राहील. ध्रुपदाचा पहिला सूर मात्र अर्धवट छेडू नका. इतका वेळ थांबल्यावर तो नेमका समेवर आणि भरून पडला पाहिजे.

माझे हात लहान आहेत. पहिल्या चार फ्रेटांवर करंगळी दुखते. लहान मापाचा बास घ्यावा का? — एक वाचिका, म्हापसा

घ्यायला हरकत नाही, आणि त्यात कमीपणाही नाही. जॅक ब्रूस आणि अँडी फ्रेझर या दोघांच्या हातातला गिब्सन ईबी-३ लहान मापाचाच, साडेतीस इंची. नेहमीचा बास ३४ इंची. मोठ्यावर पहिल्या ते चौथ्या फ्रेटमधले अंतर सुमारे १३ सेंटिमीटर, लहानावर साडेअकरा. मात्र लहान मापावर तार सैल असते. जोरात छेडणाऱ्याचा ई सूर सुरुवातीला वर चढतो.

त्याआधी बोटे बदलून पाहा. पाचव्या फ्रेटच्या खाली चार बोटे चार फ्रेटांवर ताणू नका. तर्जनी, मधले बोट आणि करंगळी एवढ्यांनी तीन फ्रेट सांभाळा, अनामिका करंगळीला आधार देईल. चौथा फ्रेट हवा तेव्हा पंजा सरकवा. अंगठा मानेच्या मागे मधल्या बोटासमोर ठेवा. पट्टा इतका आखूड करा की उभे राहिल्यावर आणि बसल्यावर बास एकाच उंचीवर राहील. बास मांडीपर्यंत लोंबला की मनगट वाकते आणि त्याचा भार करंगळीवर येतो. हे करूनही दुखणे राहिले, किंवा बोटांना मुंग्या येऊ लागल्या, तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

पावसात तारा खरखरतात, महिन्यात गंजतात. आणि चवथीच्या मांडवात ॲम्प घूं घूं करत राहतो. उपाय? — एक वाचक, वास्को

गंजाचे कारण घाम आणि खारी हवा. वाजवून झाल्यावर सुती कापड तारांच्या खालूनही फिरवा आणि बासच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. या संगीतासाठी फ्लॅटवाउंड तारा लावल्या तर दुहेरी फायदा: त्यांच्या सपाट अंगात घाम-मळ अडकत नाही आणि त्या वर्षानुवर्षे टिकतात, शिवाय आवाज जाड, थोडा बोथट येतो, जो त्या काळच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत आहे. गंजलेल्या राउंडवाउंड (गोल वेढ्याच्या) तारा उकळून पुन्हा लावायचा उद्योग आपल्या हवेत करू नये.

खरखरीसाठी आधी मान तपासा. दमट हवेत लाकूड फुगते, आणि मान कुठे झुकेल ते लाकडावर असते. अंदाज नको, मोजा. ई तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे धडाला मिळते तिथे, एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यात साधारण ०.३ मिलिमीटर फट हवी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकले पाहिजे. फटच नसेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) सैल करा, फार असेल तर आवळा. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि पुढचा पाव फेरा दुसऱ्या दिवशी. जोर लागू लागला तर थांबा, मोडलेला रॉड दुरुस्त करणे महागात पडते. मान ठीक करून मगच तारेची उंची पाहा: बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली दोन ते अडीच मिलिमीटर.

घूं घूंसाठी तारांना हात लावून पाहा. आवाज कमी झाला तर बासची आतली जोडणी ठीक आहे, पिकअप बाहेरचा गोंधळ पकडतो आहे: ट्यूबलाइट, रोषणाईच्या माळांचा ट्रान्सफॉर्मर, खिशातला फोन. त्यांच्यापासून लांब उभे राहा. जॅझ बास (दोन पिकअपचा बास) असेल तर दोन्ही पिकअपच्या आवाजाचे खुंटे पूर्ण उघडा. बहुतेक जॅझ बासमध्ये दोघांची गुणगुण एकमेकींना मारते. हात लावूनही फरक नाही, तर ब्रिजची (तारा टेकतात त्या घोडीची) अर्थिंगची तार सुटलेली असेल किंवा मांडवातल्या सॉकेटला अर्थच नसेल. घूं घूं बंद व्हावी म्हणून प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग प्रत्येक वाड्यावर एकेक सापडतात. त्यांचे ऐकू नका. ॲम्प आणि माइकचा मिक्सर एकाच बोर्डवरून घ्या, त्या बोर्डला अर्थ आहे याची खात्री इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, आणि माइकला ओठ लागताच झिणझिण्या आल्या तर बास खाली ठेवून आधी मुख्य स्विच बंद करा.