पंक हवं, पण पावतीपुस्तकापासून

तुमची पोस्ट दोनदा वाचली. सांगलीहून पुण्यात आलात, स्वतःचे ट्रॅक करता. क्लबवाले म्हणतात 'हिंदी कमर्शियल वाजव', फेस्टिव्हलवाले ट्रॅक ऐकायच्या आधी फॉलोअर विचारतात, आणि मित्रांनी वर्गणी काढून हॉल ठरवला तर मॅनेजरने 'म्युझिक लायसन्सचं पत्र आणा' म्हणून बुकिंग अडवलं. त्यावरून तुम्ही विचारताय की ईडीएम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डान्स म्युझिक, आता इतकं फुगलंय, तर ब्रिटनमधल्या १९७६-७७च्या पंक रॉकच्या बंडासारखं काहीतरी येऊन हे सगळं मोडायला नको का?

ड्रॉपचा (ठेका थांबून एकदम कोसळतो त्या क्षणाचा) कंटाळा, घोस्ट प्रोड्यूसर (दुसऱ्याच्या नावाने ट्रॅक बनवून देणारे), आधीच रेकॉर्ड करून आणलेले सेट या तक्रारी सगळ्यांना पाठ आहेत, त्या सोडतो. मी तुमच्या हॉलच्या वाक्यापाशी थांबलो. त्या वयात मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट तीच आहे.

आमचा पाच-सहा जणांचा गट होता. कुणाचा लेबलशी करार नाही, संगीतकारांच्या वतीने पैसे गोळा करणाऱ्या कुठल्या कॉपीराइट सोसायटीचं सभासदत्व नाही. लग्नामुंजीचा एक छोटा हॉल मिळाला, साउंडवाला ओळखीचा होता, तिकीट कॉलेजच्या पोरांना परवडेल एवढंच. ठरलं होतं की त्या संध्याकाळी आमच्यापैकी कुणीतरी बनवलेलंच वाजेल, दुसरं काही नाही. हॉलवाल्याने लायसन्सचं पत्र मागितलं. त्याला मी दोष देत नाही, त्याला आधी एकदा नोटीस येऊन गेली होती. म्हणून मी मुंबईला, अशी लायसन्स देणाऱ्या एका ऑफिसात गेलो. नाव लिहिणार नाही, व्यक्तिगत निरोपातही विचारू नका. आज तिथे दुसरी माणसं असतील, पद्धतही बदलली असेल.

तिथे एक दरपत्रक होतं. हॉलमध्ये माणसं किती मावतात आणि कार्यक्रम तिकिटाचा आहे का, यावर रक्कम ठरायची. मी सांगितलं की वाजणारं सगळं आमचंच आहे. समोरचे गृहस्थ म्हणाले, "डीजे आहे ना? मग हिंदी वाजणारच." मी ट्रॅकची यादी पुढे केली, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र देतो म्हटलं, लॅपटॉप उघडून प्रोजेक्ट फाइली दाखवतो म्हटलं. यादी घ्यायला त्यांच्या फॉर्मवर रकानाच नव्हता. हॉलचं नाव, क्षमता, तारीख, रक्कम. संगीत कुणाचं, हा प्रश्न त्या कागदावर कुठेही नव्हता. वरिष्ठांना भेटू द्या म्हटलं तर ते बाहेर गेलेले. मग नकार लेखी द्या म्हटलं. त्यावर उत्तर: "नकार कुठे दिलाय? पैसे भरा आणि पत्र घेऊन जा." तारीख तोंडावर आली होती, हॉलचं डिपॉझिट बुडालं असतं. भरले पैसे. तिकिटांचं जे आलं ते सगळं त्यात गेलं आणि साउंडवाल्याचे पैसे आम्ही नंतर हप्त्याहप्त्याने फेडले.

पैसे गेल्याचं दुःख ओसरलं. दुसरी एक गोष्ट आजही ओसरलेली नाही. ती रक्कम संगीतकारांच्या नावाने घेतली होती आणि त्या संध्याकाळचे संगीतकार आम्हीच होतो. तरी त्यातला एक रुपया आमच्याकडे यायची वाट नव्हती, कारण काय वाजलं हे कुणी लिहून घेतलंच नाही. अशा नोंद नसलेल्या पैशांचं वाटप जिथे रेडिओ-टीव्हीच्या आकडेवारीवर होतं, तिथे ते ज्याचं आधीच वाजतंय त्याच्याकडेच जाणार. आमच्या पैशांचं नेमकं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. गट पुढे विरून गेला. भांडणं झाली नाहीत, पण दुसरा हॉल शोधायला कुणी उठलं नाही. त्यातला एक मुलगा आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता. आज तो संगीत करत नाही. याचा राग मला अजून येतो.

त्यामुळे पंक म्हटलं की फाटक्या जाकिटापेक्षा मला छापखाना आधी आठवतो. मँचेस्टरच्या बझकॉक्स या पंक बँडने ५०० पौंड उसने घेऊन जानेवारी १९७७मध्ये चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतः काढली. सुरुवातीला फक्त १,००० प्रती. १९७८मध्ये स्क्रिटी पोलिटी या बँडने तर रेकॉर्डच्या कव्हरवर खर्चाचा हिशेबच छापला: स्टुडिओ किती, छपाई किती, कुणाकडून करून घेतली. वाचणाऱ्याला तेच उद्या करता यावं म्हणून. लंडनमधलं रफ ट्रेड हे १९७६ सालचं साधं रेकॉर्डचं दुकान पुढे अशा रेकॉर्डचं वितरण करायला लागलं. त्याच काळात सेक्स पिस्टल्स हा गाजलेला पंक बँड ईएमआय, ए अँड एम, व्हर्जिन अशा रेकॉर्ड कंपन्या बदलत होता. आरडाओरडा कंपन्यांनी लगेच विकत घेतला. छोट्या लेबलांची आणि वितरणाची जी साखळी उभी राहिली, तिच्यावर ब्रिटनचं पुढचं स्वतंत्र संगीत बरीच वर्षं चाललं.

आवाजाचं बंड डान्स म्युझिकला बाहेरून आणायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे, आणि ते इथल्या रॉकवाल्या मंडळींना आवडणार नाही याची कल्पना आहे. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कोमिस्की पार्कमध्ये रॉकप्रेमींच्या जमावापुढे डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग स्फोटाने उडवला गेला. त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स प्रामुख्याने कृष्णवर्णीय आणि समलिंगी पोरांसाठी वाजवत होता, आणि डिस्कोतून निघालेल्या हाउस या संगीताचं नाव त्या क्लबवरूनच आलं असं मानतात. ज्यांना शहरात दुसरीकडे कुठे जागा नव्हती त्यांनी हे संगीत बनवलंय. बासिस्टच्या जागी वापरायला म्हणून रोलँड कंपनीने टीबी-३०३ हे यंत्र काढलं, ते खपलं नाही, सेकंडहँड स्वस्तात मिळायला लागलं. शिकागोच्या फ्यूचर या त्रिकुटाने त्याची बटणं वाटेल तशी पिळली आणि १९८७मध्ये त्या पिळलेल्या आवाजाचं अॅसिड हाउस बाहेर आलं. डेट्रॉइटच्या अंडरग्राउंड रेझिस्टन्स या गटाने चेहरे झाकले, मुलाखती टाळल्या आणि स्वतःचं लेबल, स्वतःचं वितरण उभं केलं. हे सगळं पंकच आहे, फक्त गिटार नाही.

आता आपल्याकडचं बघा. १९८२मध्ये मुंबईत चरणजित सिंग या सिनेमाच्या स्टुडिओतल्या वादकाने तेच टीबी-३०३ आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. शिकागोच्या पाच वर्षं आधी. रेकॉर्ड फारशी खपली नाही. २०१०मध्ये युरोपातून ती पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले, आणि २०१५मध्ये चरणजित सिंग गेले. मोठ्या कंपनीने काढलेली रेकॉर्ड होती, यंत्रं जगातली उत्तम होती, वादक तयारीचा होता. तो आवाज ऐकून पुढे काहीतरी करणारी पोरं, त्यांना परवडणारी यंत्रं, त्यांच्यासाठी एखादा अंधारा छोटा क्लब, एखादं दुकान, यातलं काहीच भोवती नव्हतं. म्हणून 'नवा आवाज आला की सगळं बदलेल' असं कुणी म्हणालं की मला ही रेकॉर्ड आठवते.

सगळं झुगारून माळावर वाजवू, असंही तुम्ही लिहिलंय. इंग्लंडमध्ये मे १९९२मध्ये कॅसलमॉर्टनच्या माळावर वीस हजारांहून जास्त लोक जमले, जवळपास आठवडाभर ते चाललं. त्याचा परिणाम म्हणजे १९९४चा कायदा. त्यात पोलिसांना रेव्ह, म्हणजे असे मोकळ्यावरचे नाचाचे जलसे, थांबवायचे अधिकार देताना 'एकामागून एक येणारे तेच ते ठोके' अशा अर्थाची संगीताची व्याख्या चक्क कलमात लिहिली गेली. माझ्या समजुतीप्रमाणे त्यानंतर गर्दी परवानेवाल्या मोठ्या क्लबांकडे वळली आणि पैसाही तिकडेच गेला. माळावरच्या पोरांबद्दल मला आदर आहे. पण पुण्याच्या आसपास असं करायला जाऊ नका. गुन्हा आयोजकावर दाखल होतो, आणि तो निस्तरायला घरच्यांना पळावं लागतं.

ज्या फुगलेपणावर तुम्ही चिडलाय त्याचाही हिशेब एकदा बघून घ्या. अमेरिकेतली एसएफएक्स कंपनी ईडीएमची फेस्टिव्हलं विकत घेत सुटली होती, डीजेंना ट्रॅक विकणारं बीटपोर्ट हे ऑनलाइन दुकानही तिने घेतलं, ऑक्टोबर २०१३मध्ये १३ डॉलर दराने शेअर बाजारात आली आणि फेब्रुवारी २०१६मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात बीटपोर्टवरून ट्रॅक विकणाऱ्या लेबलांचे पैसे काही काळ अडकले होते. फटाके, स्टेज आणि हेडलायनरचं विमान यात ज्यांचा काही संबंध नव्हता, त्या छोट्या लेबलांनाही झळ बसली. तुमच्या ट्रॅकचा पैसा दुसऱ्याच्या खात्यातून फिरून येत असेल, तर त्याचं बुडणंही तुमच्या वाट्याला येतं.

एक विषयांतर, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. पंक शोधायला लंडनला जायची गरज नाही. गावोगावी क्रॅक केलेल्या (पैसे न भरता मिळवलेल्या) एफएल स्टुडिओ या संगीताच्या सॉफ्टवेअरवर हलगी, संबळ, बेंजोचे तुकडे कापून 'साउंड चेक' आणि 'हाय गेन' नावाचे, स्पीकर दणाणून सोडणारे मिक्स करणारी पोरं आहेत. लेबल नाही, मॅनेजर नाही, पेनड्राइव्ह आणि व्हॉट्सअॅपवर माल फिरतो, ट्रॅकमध्ये मध्येच स्वतःच्या नावाची हाक टाकलेली असते. दक्षिण आफ्रिकेत डरबनच्या वस्त्यांतून गकोम हे नाचाचं संगीत असंच आलं, टॅक्सी आणि व्हॉट्सअॅपवर पसरलं आणि युरोपच्या क्लबांत पोचलं. आपल्याकडच्या पोरांना पुण्यामुंबईचे क्लबवाले 'मांडवाचे डीजे' म्हणून हिणवतात, ते मला अजिबात पटत नाही. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींचं मी समर्थन करत नाही. छातीत धडकी भरवणारा तो आवाज म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना त्रास देतो, आणि त्याबद्दल माझं दुमत नाही. पण या पोरांचं काम आधी बंद हॉलमध्ये, नीट सिस्टिमवर, कानाला सोसेल एवढ्या आवाजात ऐका आणि मग बोला. तुम्ही सांगलीचे आहात, तुमच्या ओळखीत असे दोन-तीन जण असतीलच. त्यांना तुमच्या संध्याकाळी बोलवा. मात्र त्यांचे मिक्स बहुतेक दुसऱ्यांच्या गाण्यांवर असतात, ते वाजवलेत तर लायसन्स खरोखरच लागेल. त्यांना स्वतःच्या ठेक्यांवर सेट करायला सांगा, हलगी स्वतः रेकॉर्ड करून घ्या.

आता तुमच्या हॉलचं. मी वकील नाही. हे अनुभवातून आणि एका वकील मित्राला विचारून शिकलोय, तुम्ही तुमचा वकील गाठाच. रचनेचा हक्क आणि रेकॉर्डिंगचा हक्क असे दोन वेगळे हक्क असतात, आणि त्यांच्यासाठी पैसे मागणाऱ्या संस्थाही वेगळ्या असू शकतात. दोन्ही हक्क तुमच्याकडेच असतील तर तुमचं संगीत वाजवायला तुमचीच परवानगी पुरते. पण तुमच्यापैकी कुणी सोसायटीचा सभासद असेल, तर त्याने जाहीर वादनाचा हक्क बहुधा सोसायटीच्या नावे केलेला असतो. मग स्वतःचा ट्रॅक वाजवतानाही त्याला 'माझंच आहे' म्हणून सुटता येत नाही. ऑनलाइन वितरकाच्या फॉर्मवर घाईत ज्या चौकटींवर टिक करता, त्याही वाचा. हे तपासल्याशिवाय भांडायला जाऊ नका.

तपासून झालं की कार्यक्रमाच्या आधीच ट्रॅकची यादी, प्रत्येकाची सही आणि 'हक्क आमच्याकडे आहेत' असं पत्र ईमेलने पाठवा. हॉलवाल्याला प्रत द्या. पैसे मागितले तर कोणत्या रचनेसाठी मागताय ते लेखी विचारा. मी समोर जाऊन तोंडी बोललो आणि हातात काहीच राहिलं नाही, म्हणून ईमेलवर इतका जोर देतोय. कार्यक्रमानंतर काय वाजलं, कुणाचं, किती मिनिटं, याची यादी लगेच लिहा आणि खर्चासकट सगळ्यांना दाखवा. ब्रिटनसारख्या काही देशांत क्लबमध्ये वाजणारं संगीत ओळखणारी यंत्रं बसवून त्यावरून पैसे वाटायचे प्रयत्न सुरू आहेत. इथे ते येईल तेव्हा येईल, तुमची वही आजपासून चालू करता येते. पुण्यातल्या चार-पाच गटांनी अशी एकच सामायिक यादी ठेवली, तर पुढच्या वेळी कुणी 'हिंदी वाजणारच' म्हणालं की समोर ठेवायला कागद असेल.

पोलिसांची परवानगी वेगळी, ती विसरू नका. रात्री दहाची मर्यादा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतली आहे. त्यात बंद सभागृहाला आतल्या वापरापुरती सवलत आहे, पण सबवूफरचा आवाज भिंतीबाहेर गेला की शेजारी तक्रार करणार आणि त्यांचं बरोबरच असतं. मी तर दुपारी चारला सुरू करून नऊला आवरायचं म्हणेन. तेवढ्या वेळात पाच जणांचे सेट आरामात होतात, सांगली-साताऱ्याहून आलेल्यांना परतीची एसटी मिळते, आणि दुपारचा हॉल लग्नाचा मुहूर्त नसलेल्या दिवशी बराच कमी भाड्यात मिळतो. मॅनेजरशी बोलताना डीजे हा शब्द टाळा, 'वाद्यसंगीताचा कार्यक्रम' म्हणा. खोटं काहीच नाही त्यात.